झोपडं तुटायच्या आधी आणि तुटल्यावर: मानवी हक्क आयोगात अर्ज कसा करायचा, सगळं एका जागी

मानखुर्दला आम्ही चारपाच जणं आठवड्यातून दोन संध्याकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर बसतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो, रेशनचे, लाईटचे, शाळेचे, आणि दिवाळी संपली की ढिगाने येतात ते घराचे. मागे एकाच आठवड्यात तीन वेगळ्या वस्त्यांतल्या बायका आल्या आणि तिघींचा प्रश्न एकच, ताई, मानवी हक्क आयोगात टाकलं तर घर वाचेल का. खरं उत्तर आधीच देते म्हणजे नंतर कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको. बुलडोझर थांबवायला कोर्टाचा स्टे लागतो, आयोगाच्या अर्जाने तो सहसा थांबत नाही. आयोग हिशेब मागतो. नोटीस दिली होती का, कधी दिली, पावसात का तोडलं, सामान कुठे गेलं, म्हातारी माणसं कुठे झोपली, पोरांच्या शाळेचं काय झालं, हे सगळं तो सरकारी ऑफिसला लेखी विचारू शकतो आणि त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं. पण त्यासाठी तुमच्याकडे तारीखवार नोंद पाहिजे, आणि ती नोंद तोडायला आल्यावर सुरू करून भागत नाही, आधी तयार असावी लागते. म्हणून हे लांबलचक लिहितेय, सेव्ह करून ठेवा, वस्तीच्या ग्रुपवर टाका.

मुंबई शहराचा असा स्वतंत्र मानवी हक्क आयोग नाहीये, आहे तो महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग, पण त्याचं ऑफिस मुंबईतच आहे, सीएसएमटी स्टेशनच्या समोर हजारीमल सोमाणी मार्गावर. गोवंडी मानखुर्दवाल्यांना तर हार्बरची एकच गाडी. हा आयोग मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ या कायद्याने चालतो. फी शून्य रुपये, वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं, हाताने लिहिलं तरी चालतं, पोस्टाने पाठवलं तरी चालतं. "आयोगात केस घालून देतो" म्हणत दोन दोन हजार घेणारी माणसं फिरतात, त्यांना एक रुपया देऊ नका.

आता कुठली तक्रार आयोग घेतो ते नीट बघा कारण निम्मे अर्ज इथेच मरतात. पहिलं म्हणजे तक्रार सरकारी माणसाविरुद्ध पाहिजे, म्हणजे महापालिका, पोलीस, कलेक्टर ऑफिस, एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हाडा. एक तर त्यांनी हक्क मोडला किंवा मोडला जात असताना हातावर हात ठेवून बसले. बिल्डरने भाडं बंद केलं अशी नुसती तक्रार टाकलीत तर ती खासगी वाद म्हणून बाजूला पडते, पण बिल्डरने भाडं बंद केलं, आम्ही एसआरएला या या तारखेला तीन अर्ज दिले, पोच आहे, काहीच झालं नाही, ही तक्रार सरकारी ऑफिसच्या निष्काळजीपणाची होते. एका वाक्याचा फरक आहे पण त्यावर सगळं अवलंबून आहे. दुसरं, घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे, कायद्याचं कलम ३६ तसं सांगतं, आणि दर वर्षी आमच्याकडे चौदा महिने सोळा महिने झालेली माणसं येतात तेव्हा फार वाईट वाटतं. तिसरं, तेच प्रकरण कोर्टात चालू असेल तर आयोग बहुतेक वेळा हात घालत नाही. चौथं, एका आयोगाकडे गेलात की त्याच विषयावर दुसऱ्या आयोगाकडे जाऊ नका, महिला आयोग, बाल हक्क आयोग, दिल्लीचा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग असे चार ठिकाणी एकच अर्ज टाकले की जोर वाढतो असं लोकांना वाटतं पण उलट होतं, सगळीकडून "दुसरीकडे प्रलंबित" म्हणून परत येतो. आणि निनावी अर्ज चालत नाही, "समस्त रहिवासी" असं लिहून खाली नाव पत्ता नसेल तर तो अर्ज गेलाच समजा.

मग लोक विचारतात की राज्याचा की दिल्लीचा. इथेच पहिलं काम येतं, जमीन कोणाची आहे ते शोधणं. मुंबईत एकाच नाल्याच्या दोन बाजूंना दोन मालक असतात. कलेक्टर, महापालिका, म्हाडा, वनविभाग ही राज्याची बाजू. रेल्वे, विमानतळ, पोर्ट ट्रस्ट ही केंद्राची बाजू. राज्य आयोगाला संविधानातल्या राज्य सूची (राज्याचे विषय) आणि समवर्ती सूचीतल्या (राज्य आणि केंद्र दोघांचे विषय) विषयांचीच चौकशी करता येते, त्यामुळे रेल्वेने रुळाकडेची घरं तोडली तर दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडे लिहा, तिथे ऑनलाईन तक्रार करता येते. पण त्याच तोडकामात आपल्या पोलिसांनी मारहाण केली असेल तर ती बाजू राज्याची. मालक कोण हे कळायला सिटी सर्वे ऑफिसमधून त्या सीटीएस नंबरचं (सिटी सर्वेत जागेला दिलेला नंबर) मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. सीटीएस नंबर माहीत नसेल तर वस्तीच्या बाजूच्या सोसायटीच्या बोर्डवर बघा किंवा जुन्या नोटिशीवर असतो.

नोटीस आली तर ती फाडू नका, भिंतीवर चिकटवलेली असेल तर आधी तिथेच तिचा फोटो काढा, घराचा नंबर आणि आजूबाजूचं दिसेल असा, मग वाचा कुठलं कलम आहे. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याचं कलम ३५१ म्हणजे अनधिकृत बांधकामाची नोटीस, तिला उत्तर देता येतं आणि द्यायचंच, मुदत नोटिशीवर छापलेली असते. ३५४अ म्हणजे काम थांबवा. ३१४ म्हणजे रस्ता फुटपाथ, तिथे ते नोटिशीशिवाय उचलतात, हे कलम त्यांना सोपं पडतं म्हणून जिथे खरं तर रस्ता नाहीच तिथेही लावलेलं मी पाहिलंय, तसं असेल तर तो रस्ता नाही हे दाखवणारा नकाशा हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. झोपडपट्टी कायद्याची ३३-३८ ची नोटीस म्हणजे एसआरए स्कीममध्ये बाकीच्यांनी घरं खाली केली आणि तुम्ही केलं नाही म्हणून. रेल्वेची असेल तर सार्वजनिक जागांच्या १९७१ च्या केंद्रीय कायद्याची असते, आधी कारणे दाखवा नोटीस येते आणि इस्टेट ऑफिसरपुढे सुनावणी असते, त्या सुनावणीला जायचंच जायचं, न जाता घरी बसलेल्यांचं काहीच राहत नाही.

उत्तर कसं द्यायचं, तर साध्या कागदावर, दोन प्रती, वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. तोंडी "साहेबांना सांगितलंय" याला काडीची किंमत नाही. खिडकीवरचा माणूस घेत नसेल तर सरळ पोस्टात जाऊन रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती हीच पोच.

व्हॉट्सअॅपवर फिरतंय की सुप्रीम कोर्टाने बुलडोझर बंद केला, त्याबद्दल. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात कोर्टाने खरंच सांगितलंय की १५ दिवसांची नोटीस पाहिजे, रजिस्टर पोस्टाने पाठवली पाहिजे आणि घरावरही चिकटवली पाहिजे, सुनावणी पाहिजे, तोडकामाचं व्हिडिओ शूटिंग पाहिजे. पण त्याच निकालात लिहिलंय की रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाईनच्या कडेला, नदी किंवा पाणवठ्यावर अनधिकृत बांधकाम असेल किंवा कोर्टाचाच पाडायचा हुकूम असेल तर हे लागू नाही. मुंबईतल्या किती वस्त्या नाल्याकाठी आणि रुळाकाठी आहेत ते तुम्हाला माहितीय. म्हणून तो निकाल हातात घेऊन बिनधास्त बसू नका. आपल्याला जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे पावसाळा, २९ जून २०२१ चा राज्य सरकारचा जीआर आहे, १ जून ते ३० सप्टेंबर राहत्या झोपड्या पाडायच्या नाहीत असा. तरी जून २०२४ ला पवईच्या जय भीम नगरमध्ये घरं पाडली गेली, लोक पावसात फुटपाथवर आले, आणि मग हायकोर्टाने एसआयटी म्हणजे विशेष तपास पथकाची चौकशी लावली. जीआरची झेरॉक्स वस्तीत चार घरी ठेवा.

आणि हे नवीन नाहीये. जुलै १९८१ मध्ये भर पावसात तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवाल्यांना मुंबईबाहेर काढायचं जाहीर केलं, त्यावरून ओल्गा टेलिस आणि इतरांची केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८५ ला निकाल आला की पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, माणसाला न ऐकता उठवता येत नाही. लोक इथपर्यंतच सांगतात. पुढचंही माहीत हवं, कोर्टाने उठवायला शेवटी परवानगी दिलीच, फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबायला सांगितलं, आणि १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद होती त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितली. म्हणजे तेव्हाही ज्याच्याकडे गणतीचा कागद त्यालाच जागा, बाकीच्यांना फक्त पावसाळ्यापुरती सवलत.

त्यामुळे आता यादीबद्दल लिहिते, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार कारण माझं स्वतःचं घर यादीतून गेलं होतं. मी आठवीत होते, मार्च महिना, वार्षिक परीक्षा चार दिवसांवर. आमची वस्ती तुटायच्या आधी दोन वर्षं सर्वे झाला होता आणि सर्वेवाले आले तेव्हा आई कामावर, वडील नाक्यावर, आम्ही शाळेत, त्यांनी आमच्या नंबरपुढे दोन शब्द लिहिले, "घर बंद". बस्स. त्या दोन शब्दांमुळे आम्ही यादीत आलोच नाही, रेशनकार्ड होतं, मतदार यादीत नाव होतं, तरी अपात्र, आणि ते दुरुस्त व्हायला सात वर्षं गेली, तोपर्यंत वडील वारले होते आणि गाळा म्हणजे पुनर्वसनाचं घर कोणाच्या नावावर यावरून पुन्हा दोन वर्षं. म्हणून ज्या दिवशी सर्वे होतो त्या दिवशी घरात माणूस पाहिजे, एक खाडा पडला तरी चालेल. आणि यादी लागली की त्याच आठवड्यात जाऊन बघायची, बंद, भाडेकरू, पुरावे अपुरे, असे शेरे कोणाकोणापुढे आहेत ते उतरवून घ्यायचे.

एसआरएमध्ये या यादीला परिशिष्ट-२ म्हणतात. १ जानेवारी २००० च्या आधीचा राहण्याचा पुरावा असेल तर मोफत घर, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, २०२३ ला सरकारने ती रक्कम अडीच लाख ठरवली. घर ३०० चौरस फूट. स्कीमला आधी ७० टक्के संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. अपात्र ठरवलं तर अपील करता येतं, कुठे आणि किती दिवसांत ते आदेशावर लिहिलेलं असतं, आदेशच मिळाला नसेल तर आधी लेखी मागा. पुराव्याला त्या वर्षाची मतदार यादी सगळ्यात भारी, मग फोटोपास (झोपडीवाल्यांना सरकारने दिलेलं फोटोचं ओळखपत्र), लाईट बिल, रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे दाखले, लसीकरणाचं कार्ड, पोस्टाने आलेली पत्रं. ओरिजिनल प्लास्टिकच्या पिशवीत घरातल्या सगळ्यात उंच जागी आणि झेरॉक्स वस्तीबाहेरच्या नातेवाईकाकडे, आणि फोटो काढून स्वतःलाच मेल करा. आमच्या वेळी शेजारच्या मावशीने पत्र्याचा डबा बाहेर फेकला म्हणून आमचे कागद वाचले, सगळ्यांना अशी मावशी नसते.

आता सरकारी सर्वेची वाट न बघता वस्तीने स्वतःची यादी करायची. दोनशे पानी वही घ्या, दोन रविवार द्या, गल्लीप्रमाणे जा. घर नंबर, घरात कोण कोण राहतं, किती वर्षांपासून, कुठला पुरावा आहे, कामधंदा काय आणि कुठे, शाळेत जाणारी मुलं कुठल्या शाळेत कितवीत, आजारी कोण, दिव्यांग कोण, गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेलं माणूस. प्रत्येक घराची सही किंवा अंगठा. आणि इथे एक गोष्ट मनापासून सांगते, कमिटीचे लोक यादी करतात तेव्हा त्यांना दिसतं तेवढंच लिहितात. पोटमाळ्यावर भाड्याने राहणारं कुटुंब सुटतं कारण मालक म्हणतो ते माझेच पाहुणे. नवऱ्याने टाकलेली बाई सुटते कारण घर सासऱ्याच्या नावावर. तृतीयपंथी एकत्र राहतात त्यांच्या घरावर "कोणी राहत नाही" असं लिहिलं जातं. पारधी कुटुंब वस्तीच्या टोकाला प्लास्टिक टाकून दहा वर्षं राहतं त्याला कोणी वस्तीतलं मानतच नाही. मुसलमान गल्ली वेगळी, मराठी गल्ली वेगळी, बिहारची माणसं वेगळी, प्रत्येकाची वेगळी यादी, आणि मग ऑफिसात गेलं की साहेब विचारतो नक्की कुठली यादी खरी. एकच वही करा. भाडेकरूला घर मिळेल न मिळेल हा पुढचा प्रश्न, पण तोडताना त्याला मार बसला, त्याचं पोर आजारी पडलं, त्याची शिलाई मशीन मोडली तर तो तक्रारदार आहेच. अपात्र माणसालाही नोटीस मागायचा, सामान काढायला वेळ मागायचा, मार न खाण्याचा हक्क आहे. पात्र अपात्र हे फुकट घरापुरतं असतं, माणूस असण्यापुरतं नाही. मी हे दहा वेळा सांगते तरी आमच्यातलेच लोक अपात्रांना सभेत मागे बसवतात.

बायकांनो, गाळा मिळताना नवरा बायको दोघांच्या नावाने मिळतो, सर्वेच्या वेळीच तुमचं नाव आणि फोटो त्यात आहे ना ते बघा.

तोडायला आले तर त्या दिवशी काय. आधी माणसं बाहेर, मग कागद, मग औषधं, मग गॅस सिलेंडर, मग बाकी. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर त्या आणि कार्ड खिशात. दोन जणांना फक्त शूटिंगचं काम द्या, बाकी काही करायचं नाही, एक लांबून सगळं दिसेल असं आणि एक जवळून. सुरुवातीलाच तारीख वेळ बोलून घ्या, गाड्यांचे नंबर घ्या, गणवेशावरची नावं घ्या, महिला पोलीस आहेत का ते दिसू द्या. साहेबाला शांतपणे विचारा, आदेशाची कॉपी दाखवा, कुठल्या कलमाखाली, आणि हे विचारताना रेकॉर्ड होऊ द्या. अंगावर जाऊ नका, जेसीबीवर दगड तर अजिबात नको, सरकारी कामात बळ वापरून अडथळा म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं आणि मग घर राहिलं बाजूला, पोरगा जामिनासाठी आत. सामान उचलून नेलं तर यादी आणि पावती मागा, दिली नाही तर दिली नाही हे त्याच संध्याकाळी पोलीस स्टेशनला लेखी द्या. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी हॉस्पिटलात जा, केसपेपर घ्या, तिसऱ्या दिवशी गेलात तर जखम कुठून झाली यावर वाद होतो. ज्या फोनने शूटिंग केलं तो फोन फॉरमॅट करू नका, विकू नका, कोर्टात मूळ फोन किंवा कॉपी दिली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, फॉरवर्ड केलेला व्हिडिओ तिथे कमी पडतो.

रात्री सगळे एकत्र बसून वहीत लिहा, किती वाजता आले, किती वाजता गेले, काय बोलले, कोणाचं काय गेलं. त्या रात्री कोणालाच लिहावंसं वाटत नाही, रडू येत असतं, पोरं भुकेली असतात, तरी अर्धी वही त्या रात्रीच लिहा कारण आठ दिवसांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं.

स्टे पाहिजे असेल तर सिटी सिव्हिल कोर्ट किंवा हायकोर्ट, आणि वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण, १५१०० ला फोन करा. बाई, मूल, अनुसूचित जाती जमातीचं माणूस, दिव्यांग, यांना फुकट वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज घरातल्या बाईच्या नावाने करा. कोर्टात जायचं ठरलं तर आयोगाच्या अर्जात कोर्टातलाच विषय पुन्हा लिहू नका. घर पाडणं बरोबर की चूक हे कोर्टाकडे ठेवा आणि मारहाण, सामानाची नासधूस, पावसातलं तोडकाम, संक्रमण शिबिरात पाणी संडास नसणं, हे आयोगाकडे न्या, वकिलाला दाखवून.

आता अर्जाचा नमुना. आम्ही साधारण असा लिहितो, कंसातलं तुमचं भरा.

प्रति, मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग, मुंबई.
विषय: (तारीख) रोजी (वस्तीचं नाव, सीटीएस नंबर) येथे झालेल्या निष्कासन कारवाईत मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्याबाबत तक्रार.
महोदय, मी (पूर्ण नाव, वय, काम, सध्या राहण्याचा पत्ता, फोन) वरील वस्तीत (वर्ष) पासून कुटुंबासह राहत होते. दि. (तारीख) रोजी सकाळी (वेळ) वाजता (ऑफिसचं नाव) यांचे अधिकारी व (पोलीस ठाण्याचं नाव) चे पोलीस यांनी आमची (संख्या) घरे पाडली. आम्हाला लेखी नोटीस मिळाली नव्हती / (तारीख) ची नोटीस मिळाली होती व आम्ही (तारीख) रोजी उत्तर दिले, पोच सोबत आहे. कारवाईवेळी (काय झालं ते तीन-चार वाक्यांत). यात (संख्या) लहान मुले, (संख्या) ज्येष्ठ, (संख्या) दिव्यांग व (संख्या) गरोदर महिला उघड्यावर आल्या, यादी सोबत आहे. ही बाब कोणत्याही न्यायालयात किंवा अन्य आयोगाकडे प्रलंबित नाही.
विनंती: १) संबंधित कार्यालयाकडून नोटीस, आदेश, पंचनामा व चित्रीकरण मागवावे. २) तातडीचा अंतरिम दिलासा म्हणून तात्पुरता निवारा, पाणी व शौचालयाची शिफारस करावी. ३) नुकसान भरपाई व दोषींवर कारवाईची शिफारस करावी.
सोबत: (कागदांची यादी, नंबर घालून). सही, तारीख.

दोन पानांच्या वर नेऊ नका. लोकांना सगळं सांगायचं असतं, अठरा वर्षांचा इतिहास, नगरसेवकाने काय आश्वासन दिलं, बाजूच्या टॉवरला कशी परवानगी मिळाली, मला कळतं, पण वाचणाऱ्याला पहिल्या दहा ओळींत तारीख, जागा, ऑफिस आणि काय झालं हे दिसलं पाहिजे. "सरकार गरीबविरोधी आहे" हे वाक्य खोडा आणि त्याजागी "सकाळी १० वाजता पाऊस चालू असताना" हे लिहा. अंतरिम दिलाशाचा मुद्दा गाळू नका, कायद्याच्या कलम १८ मध्ये चौकशी चालू असतानाही तो सुचवायची सोय आहे, पण मागितलाच नाही तर कोण देणार. वस्तीचा एक अर्ज आणि ज्यांना मार लागला किंवा माणूस गेलं त्यांचा प्रत्येकी वेगळा, हे आमच्या अनुभवात चांगलं चालतं.

अर्ज गेला की नंबर मिळतो, तो वहीच्या पहिल्या पानावर. मग आयोग त्या ऑफिसकडून अहवाल मागवतो. अहवालाची प्रत तुम्हाला मिळाली आणि तुमचं म्हणणं मागितलं तर हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि इथेच लोक गळतात, कारण पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि तो पत्ता तर तुटलेला असतो. म्हणून पत्रव्यवहाराचा पत्ता पक्का ठेवा, शाळा, विहार, दुकान, ओळखीतल्या कोणाचं तरी पक्कं घर. अहवालात लिहिलेलं असतं की नोटीस दिली होती, कारवाई शांततेत झाली. प्रत्येक वाक्याला तुमचा कागद दाखवून उत्तर द्या, परिच्छेद १ ला परिशिष्ट अमुक, असं. आयोगाला साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. शेवटी तो शिफारस करतो, आणि सरकारने साधारण महिन्याभरात काय केलं ते कळवायचं असतं. शिफारस आहे, हुकूम नाही, त्यामुळे पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो, आणि ती शिफारस पुढे हायकोर्टात जोडता येते.

माहितीचा अधिकार सोबत चालू ठेवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र अ, एक विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. काय मागायचं, तर त्या दिवशीच्या कारवाईचा आदेश, पंचनामा, बंदोबस्ताचा पत्रव्यवहार, सर्वेची यादी शेऱ्यांसकट.

पुनर्वसनाचं घर मिळालं म्हणजे संपलं नाही. तानसा पाईपलाईनवरची माणसं माहुलला नेली, रिफायनऱ्यांच्या शेजारी, तिथली हवा राहण्यासारखी नाही हे हरित लवादापुढे आधीच आलं होतं, लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं तेव्हा २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की त्यांना तिकडे राहायला लावू नका, दुसरी जागा द्या नाहीतर महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार डिपॉझिट द्या. तिथल्या लोकांनी आजारपणाचे केसपेपर जपून ठेवले होते. एमयूटीपी म्हणजे मुंबईच्या रेल्वे आणि रस्त्यांच्या मोठ्या प्रकल्पाच्या वेळी सांताक्रूझ चेंबूर लिंक रोडवाल्यांनी तर थेट जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने पैसे थांबवले होते. म्हणजे प्रकल्पाला पैसा कुठून येतो तेही शोधा, तिथेही तक्रारीची खिडकी असते. नवीन इमारतीत लिफ्ट बंद, पाणी नाही, दवाखाना दोन किलोमीटरवर, अंगणवाडी नाही, तर हेही तारीख घालून लिहा, जुन्या वहीतच.

पोरांची शाळा त्याच आठवड्यात. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावाच लागतो, दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही. नाही म्हणाले तर "नाही" हे लेखी द्या असं सांगा, बहुतेक वेळा तिथेच काम होतं. दहावी बारावीची मुलं असतील तर परीक्षेच्या तारखांचं हॉल तिकीट नोटिशीच्या उत्तरालाच जोडा, परीक्षेच्या तोंडावर, रात्री, सणाच्या दिवशी, खराब हवामानात लोकांना उठवू नये असं संयुक्त राष्ट्रांची विस्थापनाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि भारताने १९७९ ला ज्या आंतरराष्ट्रीय करारावर मान्यता दिली त्यात राहायला पुरेसं घर हा हक्क लिहिलेला आहे. वॉर्ड ऑफिसात याला कोणी विचारेल न विचारेल, आयोगाच्या अर्जात मात्र एक ओळ नक्की घाला.

वही एकाकडे ठेवू नका, दर महिन्याला तिचे फोटो काढून तीन जणांच्या फोनमध्ये ठेवा, त्यातली एक तरी बाई असू द्या आणि एक तरी भाडेकरू. आमच्याकडे कोणाला अर्ज लिहून हवा असेल तर येताना नोटीस, रेशनकार्ड आणि जुनी मतदार यादी आणा, यादी नसेल तर ती कशी काढायची तिथून सुरू करू.